ओठ मिटलेले, दात सुटे

नागदेवी स्ट्रीटवर एकतीस वर्षं बिजागऱ्या विकल्या मी.
पितळी, लोखंडी, पियानो, पार्लमेंट,
स्प्रिंगच्या, ज्या दार आपसूक मिटवतात.
गिऱ्हाईक उघडझाप करून बघायचं,
कुरकुरली तर मी तेलाचं बोट लावायचो.
स्वतःच्या कानापुढची जोडी
कधी चाचपून पाहिली नाही.

आधी नुसतं कट्ट व्हायचं, पेरूच्या फोडीला.
हेमांगी म्हणायची, तुमचं जेवण मला ओट्यापाशी ऐकू येतं.
रात्री ती कानांत कापूस घालू लागली.
झोपेत जातं ओढता तुम्ही.
कुणाला दळता एवढं?

कुणाला, ते तिलाही ठाऊक होतं.
दुकानाच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं, त्याला सहा वर्षं झाली.
पलीकडे दिनानाथ, माझा धाकटा,
तीच बिजागरी, दोन रुपयांनी स्वस्त.
सकाळी त्याचं शटर वर गेलं
की माझ्या दाढांचं खाली यायचं.

मंगळवारी दुपारी तीनला, गिऱ्हाईक नाही, पंखा फिरतोय,
मला जांभई आली.
आली ती गेलीच नाही.
दोन्हीकडून काहीतरी पुढे घसरलं
आणि परतायचं विसरलं.
पोऱ्या आधी हसला, मग घाबरला.
मी नुसता आ,
आणि त्या आ-मधून लाळ, उधारीच्या वहीवर.

पोऱ्या नवा. आमच्या घरचा कायदा त्याला माहीत नव्हता.
तो सरळ भिंतीपलीकडे धावला.

टॅक्सीत दिनानाथनं स्वतःचा रुमाल माझ्या तोंडाशी धरला.
तो बोलला नाही. मला बोलता येत नव्हतं.
प्रवास बरा झाला.

सेंट जॉर्जच्या आवारात, केसपेपरच्या खिडकीवर
त्यानं माझं नाव सांगितलं, मोरेश्वर, मग बाबांचं, मग चुरी.
वय एक वर्ष कमी सांगितलं.
आपण कोण?
तो थांबला.
शेजारी, म्हणाला. शेजारचा दुकानदार.

डॉक्टर परकार, पोरसवदा मुलगी,
केसपेपरच्या पाठीवर चित्र काढत होती.
काका, ही साधी बिजागरी नाही.
आधी फिरते, मग सरकते,
हाडाची गोटी खोबणीतून उतारावर येते.
मधे कूर्चेची चकती, नखाएवढी,
हाडाला हाड घासू नये म्हणून.
तुमची चकती केव्हाच जागेवरून हलली असणार.
आज गोटी उंचवटा ओलांडून पलीकडे अडकली.
झोपेत दात खातात का हे?

लहानपणापासून, शेजारचा दुकानदार म्हणाला.
जंत झालेत म्हणून आई वावडिंग द्यायची.
मलाही द्यायची, एका पांघरुणात निजायचो म्हणून.
डॉक्टरनं वर पाहिलं, काही लिहिलं नाही.

अंगठ्यांना गॉज गुंडाळून तिनं ते माझ्या मागच्या दाढांवर ठेवले.
चावू नका हं.
मागून दिनानाथनं डोकं धरलं.
खाली दाब, आणखी खाली, मग मागे.
कट्ट नाही. धप्प,
फुगलेलं दार एकदाचं चौकटीत बसावं तसं.
डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याचंच म्हणा.

पंधरा दिवस मऊ भात. आज बोलणं बंद.
जांभई आली तर हनुवटीखाली मूठ.
आणि कायमचं लक्षात ठेवा,
ओठ मिटलेले, दात सुटे,
मधे दोन-तीन मिलिमीटर जागा.
आमचं प्लायवूड बारा एमएमचं आहे.

सिस्टर हनुवटीवरून टाळूपर्यंत पट्टी घेत होत्या.
द्या, मी बांधतो, दिनानाथ म्हणाला.
अशीच त्यानं बाबांना बांधली होती,
तोंड उघडं राहू नये म्हणून, मर्तिकाचे लोक यायच्या आत.
मी तेव्हा जिन्यात उभा होतो.

गाठ मारता मारता त्याची बोटं थबकली.
मग त्यानं ती सोडली
आणि एक बोट सैल बांधली.
एवढी चालेल?

सहा वर्षांतला पहिला प्रश्न,
आणि मला बोलायची मनाई.